विषय क्रमांक सहा गेला कुठे? अहवालातल्या शीर्षकांना ठिपका आणि आकडा एकत्र कसा द्यायचा

कोथरूड (पुणे) : सहकारी संस्थांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की डीटीपीवाल्यांकडे अहवालांची रीघ लागते. मुळशी तालुक्यातल्या पतसंस्था, विकास सोसायट्या आणि दूध संस्थांना पौड, पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक असा सरळ रस्ता कोथरूडला आणून सोडतो. सचिव पेनड्राइव्ह घेऊन येतात, मजकूर टाइप केलेला असतो, फोटो मोबाइलमध्ये असतात आणि मागणी एकच असते, "दादा, जरा उठावदार करून द्या."

उठावदार म्हणजे काय? तर शीर्षक ठळक, त्याच्या आधी एखादा रंगीत चौकोन किंवा ठिपका, आणि पुढे विषयाचा आकडा. दिसायला छान दिसते. पण अहवालातली अर्धी गडबड इथेच सुरू होते. नोटिशीत विषय दहा, आत ठराव नऊ. किंवा सहाव्यानंतर थेट आठवा. किंवा सगळ्या चौकोनांच्या जागी रिकामी खोकी छापलेली. हे का होते आणि कसे टाळायचे, हे डीटीपी करणाऱ्याला माहीत हवेच. पण काम देणाऱ्या सचिवालाही थोडे माहीत असले तर प्रेसच्या दोन फेऱ्या वाचतात.

आकडा चुकला तर बिघडते काय?

विषयपत्रिका नेहमीचीच असते. मागील वार्षिक सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, अहवाल व ताळेबंद स्वीकारणे, नफा वाटणीस मंजुरी देणे, लेखापरीक्षकांची नेमणूक, दोषदुरुस्ती अहवालाची नोंद घेणे, अंदाजपत्रक, उपविधी दुरुस्ती आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. सभेत अध्यक्ष "विषय क्रमांक चार" म्हणतात तेव्हा सभासद हातातल्या पुस्तिकेत चार नंबर शोधतो. तिथे दुसराच विषय निघाला की कुजबुज सुरू होते, आणि विरोधी गटाला आयताच मुद्दा मिळतो.

इतिवृत्त लिहितानाही ठराव त्याच क्रमांकाने नोंदवला जातो. उपविधी दुरुस्तीत तर हे आणखी नाजूक. "उपविधी क्रमांक अमुक मधील तमुक याऐवजी असे वाचावे" अशीच दुरुस्तीची भाषा असते. पुस्तिकेत आकडा एकाने पुढे सरकला, तर सभेने मंजूर केलेली दुरुस्ती भलत्याच कलमाला जाऊन चिकटते. पुढे उपनिबंधक कार्यालयात प्रस्ताव गेला की पत्रव्यवहार वाढतो. म्हणजे ठिपका ही सजावट आहे, पण आकडा हा पत्ता आहे. सजावट बिघडली तर वाईट दिसते. पत्ता चुकला तर टपाल दुसऱ्याच्या घरी जाते.

ठिपक्याचे काम वेगळे, आकड्याचे वेगळे

बुलेट, म्हणजे ठिपका, चौकोन, बाण, चांदणी. तिचा अर्थ एवढाच की इथून नवा मुद्दा सुरू झाला. मुद्द्यांचा क्रम बदलला तरी चालतो, तिथे बुलेट द्यावी. क्रमांकाचा अर्थ वेगळा. हा मुद्दा कितवा आहे ते तो सांगतो, आणि दुसरीकडून त्याचा उल्लेख करता येतो. जिथे "वरील मुद्दा ३ पाहा" असे म्हणायचे आहे तिथे आकडाच हवा.

डीटीपी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीही हाच भेद धरला आहे. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला 'बुलेट्स अँड नंबरिंग' लावताना लिस्टचा प्रकार विचारला जातो. पर्याय तीनच. काही नाही, बुलेट, किंवा नंबर. दोन्ही एकदम निवडता येत नाहीत. मग शीर्षकाला चौकोनही हवा आणि आकडाही हवा असेल तर काय करायचे? बरेच जण इथे सोपा रस्ता धरतात. बुलेट आपोआप लावतात आणि आकडा हाताने टाइप करतात. किंवा उलटे, नंबर आपोआप आणि चौकोन हाताने. हा रस्ता पुढे कुठेतरी अडतोच.

हाताने टाकलेला आकडा का घसरतो

ही सवय जुनी आहे, आणि ती कशातून लागली तेही समजण्यासारखे आहे. खिळे जुळवण्याच्या काळात आकडा हा इतर अक्षरांसारखाच एक खिळा होता. जुळारी तो उचलून जुळवायचा. मध्ये विषय वाढला तर पुढचे सगळे खिळे बदलायचे. पुढे संगणक आले. १९८५ मध्ये अल्डस कंपनीचे पेजमेकर आले आणि 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हा शब्द रूढ झाला. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली, भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम तिथे झाले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी गावोगावच्या डीटीपी दुकानांत पोहोचली. पेजमेकर आणि श्रीलिपी ही जोडी मराठी छपाईत वर्षानुवर्षे चालली.

पण पेजमेकरमध्ये बुलेट आणि नंबर देणारी सोय ही वरून जोडलेली होती. ती चालवली की परिच्छेदांच्या सुरुवातीला आकडे टाइप होऊन यायचे. एकदा आले की ते साधी अक्षरे. नंतर मध्ये एक विषय घातला तर पुढचे आकडे जागचे हलत नसत. पुन्हा सोय चालवा किंवा हाताने बदला. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, म्हणजे ७.०, २००१ साली आली. इनडिझाइन त्याआधीच, १९९९ मध्ये बाजारात आले होते. २००७ च्या सीएस३ आवृत्तीपासून त्यात अनेक पातळ्यांची, आपोआप पुढे सरकणारी क्रमांकन पद्धत पक्की झाली. सॉफ्टवेअर बदलले, हात मात्र अनेकांचे पेजमेकरचेच राहिले.

सचिव शेवटच्या दिवशी फोन करतात, "विषय पाच आणि सहाच्या मध्ये एक घाला." डीटीपीवाला घालतो. पुढचे चार आकडे बदलतो. आतल्या पानांवर त्याच विषयांची सविस्तर टिप्पणी असते, तिथले बदलायचे राहून जातात. चूक अशीच होते, आणि ती बहुतेक वेळा अशी घाईतच होते.

पहिली पद्धत : आकड्याच्या चौकटीतच चौकोन

इनडिझाइनमध्ये शीर्षकासाठी आधी पॅराग्राफ स्टाइल करावी. नाव साधे ठेवावे, 'विषय शीर्षक' असे काही. त्या स्टाइलच्या 'बुलेट्स अँड नंबरिंग' या भागात लिस्टचा प्रकार 'नंबर्स' निवडावा. बुलेट निवडायची नाही.

खाली 'नंबर' नावाची एक चौकट असते. तीत आधीपासून काही चिन्हे असतात. त्यातले ^# हे चिन्ह म्हणजे 'चालू आकडा इथे येईल' अशी राखीव जागा. त्यानंतर टिंब आणि टॅबची खूण असते. या चौकटीत आपल्याला हवे ते अक्षर घालता येते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ^# च्या आधी चौकोनाचे चिन्ह (■) पेस्ट करावे, एक जागा सोडावी. झाले. आता ही स्टाइल लावलेल्या प्रत्येक शीर्षकाला चौकोन आणि आकडा दोन्ही आपोआप येतात. मध्ये शीर्षक वाढले तर आकडे आपणहून पुढे सरकतात, कमी झाले तर मागे येतात.

चौकटीखाली कॅरेक्टर स्टाइल निवडायची सोय असते. आकड्याचा रंग, जाडी, फाँट तिथून ठरतो. शीर्षक काळे आणि आकडा लाल, असे हवे असेल तर ते इथेच करावे.

या पद्धतीची अडचण एकच, पण मोठी. चौकोन आणि आकडा दोघांना मिळून एकच कॅरेक्टर स्टाइल लागते. चौकोन लाल आणि आकडा निळा, असे होत नाही. चौकोन एका फाँटचा आणि आकडा दुसऱ्याचा, हेही होत नाही. काही जण ग्रेप स्टाइल वापरून चौकोनाला वेगळा रंग द्यायला जातात. ती चालत नाही, कारण आपोआप आलेला आकडा हा मजकुराचा भाग धरलाच जात नाही. म्हणूनच तो कर्सरने निवडता येत नाही आणि 'फाइंड' करूनही सापडत नाही.

फाँटचा फास

इथूनच रिकाम्या खोक्यांची गोष्ट सुरू होते. ज्या फाँटमध्ये मराठी आकडे आहेत त्यात चौकोनाचे चिन्ह असेलच असे नाही. साधा गोल ठिपका (•) बहुतेक फाँटमध्ये असतो. भरीव चौकोन, बाण, हाताचा पंजा, टिकमार्क हे मात्र सगळ्यांकडे नसतात. फाँटमध्ये जे नाही त्याच्या जागी खोके येते.

विंगडिंग्जसारख्या चिन्हांच्या फाँटचा प्रकार आणखी फसवा. तिथे चौकोन हा खरे तर इंग्रजी 'एन' या अक्षराच्या जागेवर बसवलेला असतो, आणि गोळा 'एल' च्या जागेवर. स्क्रीनवर चौकोन दिसतो, पण फाइलमध्ये नोंद असते ती त्या अक्षराचीच. फाँट बदलला की चौकोन जातो आणि त्याजागी ते अक्षर उघडे पडते. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटचेही तसेच आहे. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. म्हणून कधी शीर्षकाआधी चौकोनाऐवजी एखादी अर्धी वेलांटी किंवा तुटका काना लटकताना दिसतो. वाचणाऱ्याला तो छपाईतला डाग वाटतो. प्रत्यक्षात तो फाँट हरवलेला चौकोन असतो.

उपाय सोपा आहे. चिन्ह युनिकोडचेच घ्यावे, विंगडिंग्जचे नको. कॅरेक्टर स्टाइलसाठी असा फाँट निवडावा ज्यात देवनागरी आकडे आणि ते चिन्ह दोन्ही आहेत. ग्लिफ पॅनेल उघडून आधी खात्री करून घ्यावी. असा फाँट मिळत नसेल तर साध्या ठिपक्यावर समाधान मानावे, नाहीतर पुढची पद्धत वापरावी.

दुसरी पद्धत : चौकोन हा अक्षर नकोच

अनुभवी हात ही पद्धत जास्त वापरतात. यात आकडा नंबरिंगमधून येतो आणि चौकोन येतो परिच्छेदाच्या रेघेतून. पॅराग्राफ स्टाइलमध्ये 'पॅराग्राफ रूल्स' असा भाग असतो. शीर्षकाच्या वर किंवा खाली रेघ द्यायची ती सोय. ही रेघ जाड केली आणि उजवीकडून जवळजवळ सगळी कापून टाकली, की उरतो तो छोटा चौकोन.

उदाहरण घेऊ. ए-४ पानाची रुंदी २१० मिलिमीटर. दोन्ही बाजूंना २० मिलिमीटर समास सोडला तर मजकुराची रुंदी १७० मिलिमीटर उरते. आपल्याला ३ मिलिमीटरचा चौकोन हवा आहे.

'रूल अबव्ह' चालू करावा. जाडी साधारण ८.५ पॉइंट द्यावी, म्हणजे ३ मिलिमीटर. रुंदी 'कॉलम' ठेवावी. उजवा इंडेंट १६७ मिलिमीटर द्यावा. ऑफसेट शून्य ठेवला तर चौकोनाची खालची कड अक्षरांच्या तळरेषेवर टेकते. शिरोरेषेपर्यंतची उंची पाहून तो थोडा वरखाली करून घ्यावा.

आता आकड्याला जागा करून द्यायची. शीर्षकाचा डावा इंडेंट १६ मिलिमीटर आणि पहिल्या ओळीचा इंडेंट उणे ११ मिलिमीटर. म्हणजे शून्यापासून तीनपर्यंत चौकोन, पाचपासून आकडा आणि सोळापासून शीर्षकाचा मजकूर. शीर्षक दोन ओळींचे झाले तरी दुसरी ओळ सोळावरच सुरू होते, आकड्याखाली घुसत नाही.

फायदे तीन. चौकोनाला हवा तो रंग देता येतो. फाँट कोणताही असो, चौकोन हरवत नाही, कारण ती रेघ आहे, अक्षर नाही. आणि तिसरा फायदा अनुक्रमणिकेच्या वेळी कळतो. तोटा एवढाच की मजकुराची रुंदी बदलली तर इंडेंट बदलावा लागतो. दोन कॉलमच्या पानासाठी वेगळी स्टाइल करावी. आणि यातून चौकोन किंवा आडवी पट्टीच सहज मिळते, चांदणी किंवा बाण नाही.

अनुक्रमणिका आणि 'पाहा'

अनुक्रमणिका आपोआप बनवताना इनडिझाइन शीर्षकाचा आकडाही सोबत उचलते. पहिल्या पद्धतीत चौकोन हा आकड्याच्याच चौकटीत असल्याने तोही बरोबर येतो. शिवाय अनुक्रमणिकेत तो साध्या मजकुराच्या रूपात येतो, म्हणजे फाँट बदलला की पुन्हा खोके. अनुक्रमणिकेच्या पर्यायांत 'नंबर्ड पॅराग्राफ्स' मध्ये आकडे वगळायची सोय आहे. पण वगळले की चौकोनाबरोबर आकडाही जातो. दुसऱ्या पद्धतीत ही कटकटच नाही, आकडा तेवढा येतो.

"विषय क्रमांक ६ ची टिप्पणी पाहा" अशा उल्लेखांसाठी क्रॉस-रेफरन्सची सोय आहे. हाताने सहा टाइप करण्याऐवजी ती वापरली तर विषय सरकल्यावर उल्लेखही बदलता येतो. फक्त तो दर वेळी आपणहून बदलेल अशा भरवशावर राहू नये. जुना झालेला उल्लेख पॅनेलमध्ये पिवळ्या खुणेने दिसतो, तो अपडेट करावा लागतो. प्रेसला फाइल देण्याआधी हे पॅनेल एकदा डोळ्यांखालून घालावे.

नोटिशीपासून शेवटच्या पानापर्यंत एकच माळ

आणखी एक ठोकर इथे बसते. अहवालात मजकुराची खोकी एकमेकांना जोडलेली नसतील तर साध्या नंबरिंगमध्ये प्रत्येक खोक्यात आकडा पुन्हा एकपासून सुरू होतो. यासाठी 'लिस्ट' मध्ये नवी यादी करावी, तिला नाव द्यावे आणि 'कंटिन्यू नंबर्स अक्रॉस स्टोरीज' वर टिक करावी. आता मध्ये फोटो येवो, जाहिरात येवो की ताळेबंदाचा तक्ता, आकडा पुढेच जातो. अहवाल अनेक फाइलींचा असेल तर बुकमधल्या आधीच्या फाइलीपासून क्रम पुढे नेण्याची वेगळी टिकही तिथेच असते.

एक खबरदारी घ्यावी. एकाच पानावर सुटी, न जोडलेली खोकी असतील तर कोणते खोके आधी तयार झाले यावरही आकडा ठरू शकतो. पानावर वर दिसणाऱ्या खोक्याला दोन आणि खाली दिसणाऱ्याला एक, असेही घडते. शक्यतो खोकी जोडूनच घ्यावीत.

पोटमुद्द्यांसाठी दुसरी स्टाइल करावी आणि तिची पातळी दोन ठेवावी. नंबरच्या चौकटीत पहिल्या पातळीचा आकडा, टिंब आणि मग चालू पातळीचा आकडा अशी रचना केली की ६.१, ६.२ असे येते. 'इन्सर्ट नंबर प्लेसहोल्डर' या मेनूतून या जागा निवडता येतात. पातळी बदलल्यावर पोटआकडा पुन्हा एकपासून सुरू व्हावा, ही टिकही तपासावी.

आकडे मराठी, अक्षरे कोणती?

मजकूर देवनागरी आणि आकडे मात्र इंग्रजी, असे अनेक अहवालांत दिसते. त्याचे कारण बहुधा आपोआप येणारा आकडा असतो. काही जुन्या फाँटमध्ये इंग्रजी एकच्या जागीच मराठी १ चे चित्र असते, त्यामुळे तिथे हा प्रश्न जाणवत नव्हता. युनिकोड फाँटमध्ये दोन्ही आकडे वेगळे असतात, म्हणून फाँट बदलून भागत नाही. आकडे कोणत्या लिपीत दाखवायचे हा पर्याय स्वतंत्र आहे. तिथे 'हिंदी' असे नाव दिसले तर लगेच निवडू नये. अरबी लिपीतल्या आकड्यांना सॉफ्टवेअरच्या भाषेत तसे म्हणतात. आपल्याला हवे ते देवनागरी. काम सुरू करतानाच दोन शीर्षके टाकून हे पाहून घ्यावे. चाळीस पाने झाल्यावर नको.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये भारतीय भाषा चालू केली की क्रमांकाच्या यादीत १, २, ३ असा पर्याय मिळतो, त्यामुळे साध्या नोटिशीला तेवढे पुरते.

अक्षरांचा घोळ मात्र सॉफ्टवेअरचा नाही, आपलाच आहे. शाळेच्या प्रश्नपत्रिकेत पोटप्रश्न अ, ब, क, ड असे असतात. इंग्रजी ए, बी, सी, डी च्या चालीवर ते आले. राज्याच्या कायद्यांच्या मराठी पाठात मात्र खंड क, ख, ग, घ असे असतात आणि त्याखाली एक, दोन, तीन अशी अक्षरी. राज्यघटनेच्या मराठी पाठात भाषणस्वातंत्र्याचे कलम अनुच्छेद १९ (१) (क) असे लिहिले जाते. म्हणजे 'क' हे अक्षर एका पद्धतीत तिसरे आणि दुसऱ्या पद्धतीत पहिले. उपविधी दुरुस्तीत "खंड (क)" असे लिहिले आणि पुस्तिकेत अ, ब, क लावले, तर वाचणारा पहिल्याऐवजी तिसऱ्या खंडात जातो. म्हणून मूळ उपविधीत जी पद्धत आहे तीच ठेवावी. डीटीपीवाल्याने स्वतःच्या सवयीने ती बदलू नये. अ, ब, क, ड हा क्रम आपोआप मिळत नसेल तर तेवढी अक्षरे हाताने टाकावीत, पण शेवटी मोजून घ्यावीत.

वर्डमधून आलेला मजकूर आणि व्हॉट्सअ‍ॅपला गेलेला मजकूर

सचिवांनी वर्डमध्ये आकडे टाइप केलेले असतात आणि इनडिझाइनमध्ये स्टाइल लावली की आणखी एक आकडा येतो. मग "१. १. इतिवृत्त" असे दुहेरी दिसते. फाइल आणताना इम्पोर्टचे पर्याय उघडून पाहावेत. वर्डचे आपोआप आकडे तसेच जिवंत आणायचे की साध्या अक्षरांत बदलायचे, हे तिथे ठरवता येते. हाताने टाइप केलेले आकडे आधी काढून टाकावेत, मगच स्टाइल लावावी.

उलट बाजूही आहे. इनडिझाइनमधून मजकूर उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की आकडे आणि ठिपके गळून पडतात, कारण ते मजकुरात नसतातच. सभासदांच्या ग्रुपवर विषयपत्रिका अशी बिनआकड्यांची गेली तर पुन्हा गोंधळ. त्यासाठी पीडीएफ पाठवावी, किंवा फाइलच्या वेगळ्या प्रतीत 'कन्व्हर्ट नंबरिंग टू टेक्स्ट' करून मग मजकूर उचलावा. मूळ फाइलवर ही आज्ञा चालवू नये. एकदा चालवली की आकडे पुन्हा पेजमेकरच्या काळात जातात.

कोरलड्रॉवर अहवाल करणारेही बरेच आहेत. लग्नपत्रिका, फ्लेक्स, हँडबिल यांना कोरल उत्तम. पण जुन्या आवृत्त्यांत परिच्छेदाला बुलेट मिळते, आकडा हातानेच टाकावा लागतो. चार पानांपर्यंत ठीक, चाळीस पानांच्या अहवालाला ते जड जाते. ज्यांना इनडिझाइनचे वर्गणीचे पैसे परवडत नाहीत त्यांच्यासाठी स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्या नव्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे नीट येतात आणि परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये बुलेट व क्रमांक दोन्हींची सोय आहे.

प्रेसला देण्याआधी दहा मिनिटे

सचिवांनी मजकूर देतानाच विषयांची यादी वेगळ्या कागदावर, क्रमाने आणि सहीसह द्यावी. ऐनवेळी विषय वाढला तर तोंडी सांगण्याऐवजी त्याच कागदावर लिहून पाठवावा. चौकोन हवा की ठिपका, हे डीटीपीवाल्यावर सोडले तरी चालेल. कोणता विषय कितवा, हे सोडू नये.

प्रूफ हातात आल्यावर आधी मजकूर वाचायचा नाही. आधी फक्त आकडे वाचायचे. नोटिशीतले आकडे एकाने मोठ्याने वाचावेत, आतल्या पानांवरचे दुसऱ्याने बोट ठेवून तपासावेत. मग अनुक्रमणिकेतले. मग "पाहा" म्हटलेले सगळे उल्लेख. त्यानंतर चौकोन प्रत्येक शीर्षकाला आहे का, कुठे खोके किंवा सुटी वेलांटी आली आहे का, ते पाहावे. हे प्रूफ छापायला जाणाऱ्या अंतिम पीडीएफचेच असावे, आणि शक्य असेल तर ती पीडीएफ दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडून पाहावी. फाँट फाइलमध्ये नीट बसला नसेल तर तिथे लगेच उघडकीला येते.

अहवालाच्या प्रती सभासदांच्या घरी गेल्या की दुरुस्ती करायची ती शुद्धिपत्रकानेच, आणि शुद्धिपत्रक वाचतो कोण? सभासदाच्या हातात जी पुस्तिका असते तीच त्याच्यासाठी खरी. नोटिशीत सहावा असलेला विषय आत पण सहावाच असला, तर सभेत चर्चा नफ्याची आणि लाभांशाची होते, छपाईची नाही.